हरणीचा जंतू आणि त्या शेफर्डचा जंतू एकच आहे का? जीनोम सिक्वेन्सिंग करून घ्यावं का?

कारवानीवाली | १२ जून, रात्री ११:४०

नमस्कार. प्रश्न लांब आहे. अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

कोल्हापुरात पाचगावला माझं कुत्र्यांचं बोर्डिंग आहे. चौदा खोल्या, पुढं पत्र्याची शेड, मागं दोन आंबे. लोक लग्नाला, देवाला, परगावी जाताना कुत्री सोडून जातात. मे महिन्यात एक खोली रिकामी नसते. सगळं मी आणि एक मावशी मिळून बघतो. कोण कधी आलं, कुठल्या खोलीत होतं, काय खाल्लं, अंघोळ कधी घातली, हे सगळं मी दोनशे पानी वहीत लिहिते. पहिल्या दिवसापासूनची सवय आहे.

यंदा असं झालं.

३ मे ते १२ मे एक काळा लॅब्रॅडॉर होता. येतानाच पोटाला रुपयाएवढा केस गेलेला चट्टा होता. मालक म्हणाले ॲलर्जी आहे, गोळ्यांचा कोर्स नुकताच संपलाय, यंदाचा तिसरा. चट्टा सुकलेला होता म्हणून घेतला.

१६ ते २२ मे एक जर्मन शेफर्डची मादी होती, दहा महिन्यांची. ठणठणीत आली, ठणठणीत गेली. २९ मेला तिची नसबंदी झाली, शहरातल्या एका दवाखान्यात. ४ जूनला टाके उसवले आणि जखमेतून पू यायला लागला.

मधल्या काळात, २४ मेला, माझ्या हरणीला फोड आले. हरणी म्हणजे माझी कारवानी जातीची कुत्री, चार वर्षांची. कारवानीची कातडी किती पातळ असते ते ठेवणाऱ्यांना माहीत आहे. मांडीच्या आत पुवाचे बारीक फोड, ते फुटले की गोल कडा राहायची, सालपटं निघायची. मला वाटलं नायटा. आठवडाभर नायट्याचं मलम लावलं. तो आठवडा वाया गेला, याचं अजून वाईट वाटतं.

आमच्या डॉक्टरांनी स्वॅब घेऊन तपासायला पाठवला. लॅब्रॅडॉरच्या मालकांना मी स्वतः फोन केला, त्यांनीही घेतला. शेफर्डचा तिच्या दवाखान्यानं पाठवला होता. तिन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत गेले. तिन्ही रिपोर्टांवर एकच नाव: स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस. ऑक्सासिलिनपुढं तिन्ही ठिकाणी ‘आर’, म्हणजे औषध लागू नाही. डॉक्टर याला एमआरएसपी म्हणाले. औषधांच्या रकान्यांत लॅब्रॅडॉर आणि हरणी अगदी सारखे, शेफर्डचा फक्त टेट्रासायक्लिनमध्ये फरक.

परवा शेफर्डच्या मालकांनी कुत्रेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की रोग पाचगावच्या बोर्डिंगमधून आला. त्यांची पोरासारखी शेफर्ड आजारी आहे, त्यांचा राग मला कळतो. पण हे खरं आहे का, हे मला कळायला पाहिजे. खरं असेल तर मला बोर्डिंग बंद ठेवावं लागेल. खोटं असेल तर खरं कारण दुसरीकडं तसंच राहील आणि तिसऱ्या कुणाचं कुत्रं आजारी पडेल.

जंतूचा पूर्ण डीएनए वाचून कुणाचा कुणाकडून आला ते काढता येतं, असं वाचलं. तीन कुत्र्यांसाठी हे करता येतं का? खर्च मी करीन. आणि एक विचारायचंय. सासऱ्यांना मधुमेह आहे, पायाला जखम आहे, आणि हरणी दिवसभर त्यांच्या पायाशी बसते. माणसांना होतं का हे?

---

तिकटीचा_पोरगा | १३ जून, सकाळी ७:१५

ताई, माझा बॉक्सर दोनदा तुमच्याकडं राहिलाय. तुम्ही स्वतः फोन करून लॅब्रॅडॉरवाल्यांना स्वॅब घ्यायला लावला, हे कोण करतंय? ग्रुपवर आत्ता काही लिहू नका. आधी तपास होऊ दे. डीएनएचं मला कळत नाही, कळणारं कुणीतरी येईलच.

---

कागलकर | १३ जून, दुपारी १:०५

ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी प्रयोगशाळेला फोन करा. तिन्ही जंतूंच्या वाढवलेल्या प्लेटा टाकून देऊ नका, ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला ठेवा, असं सांगा. बहुतेक ठिकाणी रिपोर्ट गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत प्लेट नष्ट करतात. प्लेट गेली की तुमचा प्रश्नच गेला. रिपोर्टाच्या कागदावरून डीएनए वाचता येत नाही.

मी मूळ कागलचा, पुण्यात जंतूंच्या प्रयोगशाळेत काम करतो. आता सविस्तर.

हा जंतू कुत्र्याच्या अंगावरचाच आहे. नाक, तोंड, गुदद्वाराभोवतीची जागा इथं निरोगी कुत्र्याच्याही असतो. कातडी खाजून फुटली, ॲलर्जी झाली, शस्त्रक्रियेची जखम झाली, की तो आत शिरतो. २००५ पर्यंत त्याला वेगळी जात म्हणून नावही नव्हतं, दुसऱ्या एका जातीत गणला जायचा. त्यातले जे मेक-ए नावाचं जनुक घेऊन बसलेत, ते एमआरएसपी. पेनिसिलिनच्या आणि सेफालेक्सिनच्या कुळातली औषधं त्यांच्यावर चालत नाहीत.

तुम्ही रकाने जुळवलेत, पण त्यावर विसंबू नका. औषधं न जुमानणारी जनुकं या जंतूंत इकडून तिकडं जातात, गळूनही पडतात. टेट्रासायक्लिनमध्ये फरक आहे म्हणून जंतू वेगळा ठरत नाही, आणि सगळे रकाने जुळले म्हणून एक ठरत नाही.

त्याच्या वरची पायरी म्हणजे ठराविक मोजकी जनुकं वाचून कूळ ठरवायचं. त्याला एसटी क्रमांक देतात. २०१० साली युरोप आणि उत्तर अमेरिकेतले १०३ एमआरएसपी असे तपासले, तेव्हा युरोपात बहुतेक एसटी ७१ आणि अमेरिकेत एसटी ६८ निघाले. म्हणजे एकच कूळ अख्ख्या खंडभर. उद्या तुमच्या तिन्ही कुत्र्यांत एसटी ७१ निघाला तरी काय ठरलं? दोघांचं आडनाव पाटील आहे म्हणून ते सख्खे भाऊ ठरत नाहीत.

सख्खं-चुलत ठरवायला पूर्ण जीनोम, म्हणजे जंतूचा अख्खा डीएनए, लागतो. आपल्याकडं हेळवी येतो, चोपडी उघडतो आणि कुणाच्या पणजोबाला किती मुलं झाली ते वाचून दाखवतो, तसंच काम आहे हे. या जंतूचा जीनोम साधारण २६ लाख अक्षरांचा. वाढताना नक्कल करण्यात क्वचित एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी एकाच घरातून फुटलेल्या दोन जंतूंत मोजून काही अक्षरांचा फरक सापडतो. वेगवेगळ्या कुळांतल्यांत हजारोंचा.

याचा उपयोग कसा होतो ते सांगतो. केंब्रिजच्या एका रुग्णालयात २०११ मध्ये नवजात बाळांच्या विभागात एमआरएसए, म्हणजे याचाच माणसातला भाऊ, पसरला होता. विभाग धुऊन काढला. ६४ दिवस नवीन बाळ सापडलं नाही, मग अचानक एक सापडलं. जीनोम वाचला तर जुनाच जंतू. १५४ कर्मचारी तपासले, एकाच्या अंगावर तो मिळाला. त्या माणसाला स्वतःला काहीच झालेलं नव्हतं. मधले ६४ दिवस जंतू कुठं होता याचं उत्तर तिथं मिळालं.

कुत्र्यांचं उदाहरणही आहे. २०१६ ते २०१८ या काळात अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या दुकानांतल्या पिल्लांपासून कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू ११८ माणसांना झाला, १८ राज्यांत. माणसं एकमेकांना ओळखत नव्हती, दुकानं वेगळी. जीनोम जुळले म्हणून धागा सापडला. ज्या १४९ पिल्लांची माहिती मिळाली त्यांतल्या १४२ जणांना अँटिबायोटिक दिलेलं होतं. तुमच्या लॅब्रॅडॉरचे तीन कोर्स वाचले तेव्हा मला हेच आठवलं.

आता ताई, जीनोम काय सांगत नाही ते ऐका. दोन जंतू जवळचे निघाले तर ते एका मुळाचे, एवढंच. लॅब्रॅडॉरकडून हरणीकडं गेला की हरणीकडून लॅब्रॅडॉरकडं, की दोघांना तिसऱ्याकडून आला, हे अक्षरं सांगत नाहीत. ते तुमची वही सांगेल. उलट, जंतू लांबचे निघाले तर ‘यांच्यातून आलेला नाही’ हे बरंच ठामपणे म्हणता येतं. आरोप सिद्ध करण्यापेक्षा आरोप खोडायला हे साधन जास्त भक्कम आहे.

खर्च नमुन्यामागं काही हजार येईल. प्रत्येक प्लेटवर वाढलेल्या जंतूंच्या एकाच ठिपक्यावर न थांबता दोन-तीन ठिपके वाचायला सांगा. एकाच कुत्र्यावर दोन वेगळे एमआरएसपी असू शकतात.

---

गडहिंग्लजचा_डॉक्टर | १३ जून, रात्री ९:३०

तीस वर्षं जनावरं बघतोय. कागलकरांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण माझं मत वेगळं आहे. बाई, तुमच्याकडं पैसे मोजकेच असतील तर ते आधी धुण्यावर घाला. जंतू कुठूनही आलेला असो, करायचं काम तेच.

हरणीला क्लोरहेक्झिडिनचा शाम्पू, आठवड्यातून दोन-तीन वेळा, फेस अंगावर घड्याळ लावून दहा मिनिटं ठेवायचा आणि मग धुवायचं. कातडीच्या वरवरच्या पुवाला पुष्कळदा एवढं पुरतं, गोळ्या लागतही नाहीत. खोल्या आधी साबणानं घासायच्या, मग ब्लीच. केस आणि घाण तशीच ठेवून वरून ब्लीच ओतला तर त्याचं पाणी होतं, दुसरं काही नाही. थाळ्या, पंचे, फण्या प्रत्येक कुत्र्याच्या वेगळ्या. फोड बरे झाले म्हणजे जंतू गेला असं समजू नका. कातडी स्वच्छ झाल्यावरही कुत्रं तो कित्येक महिने अंगावर बाळगतं.

रिपोर्टात ऑक्सासिलिन लावलंय हे चांगलं झालं. काही ठिकाणी माणसांच्या सवयीनं सेफॉक्सिटिन या दुसऱ्या औषधाची चकती लावतात, ती या जंतूला फसते.

सासऱ्यांचं: माणसाला क्वचित होतो, पण मधुमेह आणि उघडी जखम असेल तर धोका पत्करू नका. जखम झाकलेली ठेवा, हरणीला फोड आहेत तोवर पायाशी बसू देऊ नका, ड्रेसिंग करणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला. हात साबणानं धुतले की तुमच्या हातावरचा जातो.

---

इचलकरंजी_डॉगमॉम | १४ जून, सकाळी १०:२०

माझ्या पगला एक जुलैला तुमच्याकडं सोडणार होते. येऊ का नको? आणि याची लस असते का?

---

कारवानीवाली | १४ जून, रात्री १०:५०

इचलकरंजी ताई, नका येऊ. जुलैची सगळी बुकिंगं मी परत केलीत. लस नाही, डॉक्टरांना विचारलं.

कागलकर दादा, तुमचा निरोप वाचला आणि जेवणावरून उठून फोन केला. लॅब्रॅडॉर आणि हरणीच्या प्लेटा होत्या. शेफर्डची टाकायच्या डब्यात गेली होती, डबा अजून भट्टीत गेला नव्हता. तिथल्या मुलीनं शोधून पुन्हा वाढवली. तिचे उपकार मी विसरणार नाही. शेफर्डच्या मालकांना विचारल्याशिवाय त्यांचा नमुना वाचणार नाही म्हटलं, त्यांना फोन केला. दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, करा, मला पण कळू दे.

डॉक्टर, तुमचं सगळं पटतं. धुणं परवापासून सुरू आहे, मावशींच्या हाताला ब्लीचनं फोड आले म्हणून हातमोजे आणले. पण पैसे मी दोन्हीवर घालणार. नुसतं धुतलं तर जंतू जाईल, पण माझ्यामुळं ते पोर आजारी पडलं की नाही हे मला कधीच कळणार नाही. बचतगटातून उचल घेतलीय.

वही काढून बसले. लॅब्रॅडॉर सहा नंबरला होता, शेफर्ड अकराला. दोघांच्या मुक्कामात चार दिवसांचं अंतर, समोरासमोर कधी आले नाहीत. हरणी कुठल्याच खोलीत नसते, घरात असते. पण ९ मेच्या पानावर लिहिलंय: ‘सहा नं. अंघोळ, ब्रश. नंतर हरणी.’ ब्रश एकच. हे वाचल्यावर मी तो ब्रश जाळला.

---

कागलकर | १४ जून, रात्री ११:१०

जाळायला नको होता ताई, त्याचाही स्वॅब घेता आला असता. असो, तुमच्या जागी मीही जाळला असता. ९ मेचं ते पान मात्र जपा. त्याच्याशिवाय उद्या येणारे आकडे मुके आहेत.

---

कारवानीवाली | ९ ऑगस्ट, सायंकाळी ६:३०

रिपोर्ट आला. कागलकर दादांनी फोनवर तासभर समजावून सांगितला, मला समजलं तसं लिहिते.

लॅब्रॅडॉर आणि हरणी यांच्या जंतूंत चार अक्षरांचा फरक आहे. २६ लाखांत चार. म्हणजे एकाच मुळाचा. शेफर्डचा जंतू त्या दोघांपासून अकरा हजारांहून जास्त अक्षरांनी लांब. कूळच वेगळं. तिच्या प्लेटवरचे तीन ठिपके वाचले, तिन्ही आपसांत जवळचे.

वाचल्यावर पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. मग दादांनी विचारलं, ‘ताई, १६ ते २२ मे या दिवसांत तुमच्याकडं आणखी किती कुत्री होती?’ अकरा. रिपोर्ट एवढंच म्हणतो की शेफर्डचा जंतू या दोघांचा नाही. त्या अकरांपैकी कुणाचा नाही, असं तो म्हणत नाही. म्हणून अकरा जणांना फोन केले. पाच जण तयार झाले, नाक आणि शेपटीखालचा स्वॅब दिला. चौघांत एमआरएसपी नाही, पाचव्यात साधा, औषधं लागू पडणारा. सहा जणांनी नको म्हटलं. त्यांच्यावर माझी जबरदस्ती नाही.

शेफर्डला जंतू कुठून आला ते त्यामुळं सापडलं नाही. तो तिच्या स्वतःच्या अंगावरचाही असेल. काही जण मला म्हणाले, आता त्या दवाखान्याचं नाव लिहा. मी लिहिणार नाही. त्यांच्या टेबलावरचा, हत्यारांवरचा, कुणाच्या हातावरचा एकही नमुना माझ्याकडं नाही, मग बोलायचं कशावर? पुराव्याशिवाय माझ्याबद्दल लिहिलं गेलं तेव्हा चार रात्री झोप लागली नव्हती. त्यांना रिपोर्टाची प्रत मात्र नेऊन दिली.

हरणीचं मात्र माझ्याकडंच घडलं. लॅब्रॅडॉर चट्टा घेऊन आला होता, ९ मेला एका ब्रशनं दोघांना घासलं, २४ मेला फोड. हरणीच्या अंगावर जंतू आधीपासून असेल आणि तिच्याकडून त्याला गेला असेल, हेही दादा नाकारत नाहीत. कसंही झालं असलं तरी तो ब्रश माझ्या हातात होता. लॅब्रॅडॉरच्या मालकांना घरी जाऊन हे सांगितलं. त्यांनी चहा दिला आणि तिन्ही कोर्सच्या चिठ्ठ्या काढून दाखवल्या. तिन्हींत सेफालेक्सिन, आणि एकदाही आधी स्वॅब नाही.

हरणी बरी आहे. मांडीवर केस परत आलेत. सासऱ्यांच्या जखमेचाही स्वॅब झाला, हा जंतू नाही. आता ती उंबऱ्याच्या अलीकडं बसते आणि ते पलीकडून तिच्याशी बोलतात. शेफर्डची जखम १८ जुलैला मिटली. मालक तिला घेऊन फाटकापर्यंत आले होते. आत आले नाहीत, पण तिला मला बघू दिलं. ग्रुपवरचा निरोप त्यांनी काढून टाकलाय.

---

गडहिंग्लजचा_डॉक्टर | ९ ऑगस्ट, रात्री ८:४५

बाई, पैसे दोन्हीवर घातलेत ते बरं केलंत, माझं मत मी बदलतो. अकरा घरी फोन गेले नसते, धुऊन सगळं विसरलं गेलं असतं. हरणीचा स्वॅब तीन महिन्यांनी पुन्हा घ्या. लॅब्रॅडॉरच्या ॲलर्जीचं मूळ कुणीतरी शोधायला हवं, नाहीतर चौथा कोर्स ठरलेला. त्यांना माझ्याकडं पाठवा, किंवा शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवू दे.

---

कारवानीवाली | १० ऑगस्ट, सकाळी ६:५०

पाठवते डॉक्टर. चौदा खोल्यांपैकी आठच उघडल्यात, आठ ब्रश आणले, प्रत्येकाला नंबर रंगवलाय. दसऱ्याची बुकिंगं सुरू झाली. अर्जात एक ओळ वाढवली: मागच्या सहा महिन्यांत अँटिबायोटिक किती वेळा, कुठलं? काल पहिल्याच माणसानं लिहिलं, ‘आठवत नाही’. त्यांना म्हटलं, बसा, तुमच्या डॉक्टरांना फोन लावू.